साऱ्या घराचं आजारपण

माझं लग्न घाईघाईनं उरकलं, कारण नवऱ्याची आत्या मरायला टेकली होती. घाटनांदूरला माझ्या वडिलांकडे निरोप आला तोच मुळी तसा. आत्यासाहेबांचे डोळे मिटायच्या आत धाकट्या भाच्याच्या डोक्यावर अक्षता पडलेल्या त्यांना बघायच्या आहेत, तेव्हा वेळ लावू नका. वडील भिडस्त. मरणाऱ्या माणसाचा शब्द मोडायचा कसा, म्हणून मानपानाची बोलणी निम्म्यावर सोडून त्यांनी जवळचा मुहूर्त धरला.

वरात गढीच्या दारात आली तशी मला देवघराच्याही आधी माजघरात नेलं. तिथं खाटेवर पांढऱ्या लुगड्यातली एक बाई पडली होती. कपाळाला सुंठीचा लेप, त्यावर फडकं आवळलेलं, डोळे अर्धे मिटलेले. मी पाया पडले. मरणाऱ्या बाईचे पाय थंड आणि काटकुळे असतील असं मनात धरून मी हात लावला, तर पाय चांगले जाडजूड आणि ऊबदार. कण्हत कण्हत त्यांनी आशीर्वाद दिला. बरोबरच्या बाया डोळे पुसत बाहेर गेल्या. त्या गेल्या त्याबरोबर ह्या बाईनं उशीखालून सुपारी काढली, दाढेखाली कटकन फोडली आणि अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"घे. दात हायेत ना बळकट? ह्या घरात लागतेत."

त्यानंतर आत्यासाहेब कित्येक वर्षं मरायला टेकलेल्याच होत्या.

आमचं सासरचं घर देशमुखांचं. राज्य निजामाचं आणि निजाम हैदराबादेत. पण तेलगावपासून परळीच्या वाटेपर्यंत कोणत्या गावचा पाटील कोण, कुणाला तहसिलीत बसायला मिळायचं आणि कुणी उभं राहायचं, हे सगळं आमच्या बैठकीत ठरायचं. सासरे म्हणजे मामंजी. भरघोस मिशा आणि विहिरीतून आल्यासारखा आवाज. छातीवर थाप मारून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "दगड हाय दगड. आमच्या घरात औषधाची पुडी येती ती फकस्त अक्काची." अक्का म्हणजे आत्यासाहेब, त्यांची थोरली बहीण. ऐकणारा मान डोलवायचा. बीड जिल्ह्यात असं निरोगी घराणं दुसरं नाही, अशी आमची ख्याती होती.

घराण्याची खरी प्रकृती आता सांगायला हरकत नाही, कारण ती ज्यांची त्यांची संपली आहे. मामंजींना साखरेचं दुखणं होतं. त्यांच्या न्हाणीच्या मोरीत मुंग्यांची रांग कधी तुटायची नाही. थोरल्या भाऊजींना फेफरं यायचं. सासूबाईंना संधिवात. आमच्या ह्यांना मूळव्याध, आणि तीही अशी की घोड्यावर बसायचं म्हटलं की हे आधी देवाला हात जोडत. पण ह्यातलं काहीच गावाला ठाऊक नव्हतं. गावाच्या लेखी हे सगळे रोग एकट्या आत्यासाहेबांना होते.

ही पद्धत त्यांनी स्वतःच पाडली होती. त्याचं कारण मला सासूबाईंनी एकदा शेंगा फोडता फोडता सांगितलं. मामंजींचे वडील कर्ते असताना त्यांना अर्धांगवायू झाला, तोंड वाकडं झालं. आमच्या समोर, गल्लीपलीकडे, आमच्याच भाऊबंदांचं घर. पलीकडच्यांनी दुसऱ्या दिवशी अर्ज ठोकला की थोरल्या घरचा कर्ता निकामी झाला आहे, तर मान आता आम्हाला मिळावा. त्या साली अव्वल तालुकदार, म्हणजे जिल्ह्याचा सगळ्यात मोठा साहेब, दौऱ्यावर आला तेव्हा नजराणा घेऊन पुढे उभे राहिले ते पलीकडचे. आमचा वाकड्या तोंडाचा म्हातारा वरच्या खिडकीतून बघत राहिला आणि थोड्याच दिवसांत गेला. पुढे मामंजींनी हैदराबादेच्या खेपा घालून मान परत आणला, पण आत्यासाहेब तेव्हा नुकत्याच विधवा होऊन माहेरी परतल्या होत्या, आणि बापाचं ते बघणं त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यांनी भावाला सांगितलं, "ह्यापुडं ह्या घरातला गडी आजारी पडायचा न्हाई. पडला तर मी पडंन. रांडमुंड बाईच्या दुखण्यावर कोण अर्ज करतंय?"

माजघर आणि बैठक ह्यांच्या मधल्या दाराला बांबूच्या काड्यांचा पडदा होता. त्याला आमच्याकडे चिक म्हणत. आमच्या घरात गोषा कडक. बायकांनी पुरुषांच्या नजरेला पडायचं नाही. तेव्हा समाचाराला येणारे पुरुष चिकाच्या बाहेर, बैठकीत बसत, आणि आतून आत्यासाहेब कण्हत. सगळा कारभार आवाजावर. आणि आवाज काय हो त्या बाईचा! कुणबी-शेतकरी आले की मोकळंढाकळं "आई गं, मेले गं". भाऊबंद आले की जवळजवळ काही नाही, नुसता एखादा लांब श्वास. ते बिचारे कान टवकारून टवकारून थकत. सरकारी अंमलदार आला की "हाय अल्ला". मी विचारलं, "आत्यासाहेब, अल्लाचं नाव कशाला?" तर म्हणाल्या, "त्याच्या भाषेत दुखलं म्हंजी त्याला लवकर कळतंय."

दोन समाचारांच्या मध्ये त्या गोधडीखाली गूळ-शेंगदाणे खात.

आणि प्रकृती म्हणाल तर पहाटे दार लावून जात्यावर बसत. जोंधळ्याची पाटी बघता बघता संपवत. भरलेला हंडा एका हातानं उचलून ठेवलेला मी पाहिला आहे. पण आजारी बाईला जात्यावरची ओवी मोठ्यानं म्हणता येत नाही, म्हणून त्या ओठातल्या ओठात म्हणायच्या. घरचे पुरुष दुपारी जेवून आडवे झाले, की धापा त्यांना लागलेल्या आणि ही बाई ठणठणीत.

साखरेच्या दुखण्याचा प्रकार तर असा की हसावं की रडावं. दुखणं आत्यासाहेबांच्या नावावर असल्यामुळे गोड बंद झालं ते त्यांचं. त्यांच्या ताटात कारलं, मेथी, जवाची भाकरी. समाचाराला आलेल्या बायका ते ताट बघून हळहळत. आणि मामंजी "दगड" असल्यामुळे प्रत्येक पंगतीत त्यांना जिलबी खाऊन दाखवावी लागे. जिला रोग नाही ती पथ्य करत होती आणि ज्याला रोग होता तो चारचौघांत मिशीला पाक लावून बसत होता. पलीकडचे आबा, म्हणजे भाऊबंदांच्या घरचे कर्ते, मुद्दाम आग्रह करत, "घ्या की देशमुख, का सोसंना?" मामंजी आणखी दोन घेत. मग आम्ही बायका घरी आल्यावर त्यांचे पाय चोळत बसत असू.

औषध देणारे हकीमसाहेब तालुक्याच्या गावाहून टांग्यानं येत. ते आले की गावभर कळे आणि पाठोपाठ आबा समाचाराला हजर. त्यामुळे हकीमसाहेबांना आत नेणं शक्य नव्हतं. ते चिकाजवळ चौरंगावर बसत आणि नाडी बघायला चिकाखालून हात बाहेर येई. हा हात कुणाचा, हे ज्या दिवशी ज्याचं दुखत असेल त्यावर. मामंजी मागच्या दारानं माजघरात शिरत, आत्यासाहेबांच्या खाटेमागे मांडी घालत आणि पांढऱ्या लुगड्याच्या पदरात मनगट गुंडाळून पुढे सरकवत. विधवेच्या हातात काकण नसतं, ही त्यातली सोय. एकदा हकीमसाहेब कितीतरी वेळ मनगट धरून बसले आणि शांतपणे म्हणाले, "आज बाईसाहेब की नब्ज बडी मर्दानी चल रई." आतून आत्यासाहेब म्हणाल्या, "आंगात कणकण हाय ना हकीमसाब, म्हून." हकीमसाहेब "हौ, हौ" म्हणाले आणि पुड्या बांधायला लागले. त्यांना पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक असणार. पण शहाण्या माणसानं दोन देशमुखांच्या मधल्या गल्लीत तोंड उघडू नये, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

भाऊजींच्या फेफऱ्याचीही तऱ्हा तीच. भाऊजी अंगणात कोसळले की आत्यासाहेब माजघरात इतक्या जोरात किंकाळी फोडत की सगळी माणसं तिकडे धावत. तेवढ्यात गडी भाऊजींना उचलून आत नेत. आमच्या ह्यांची मूळव्याधही त्यांनी घेतली होती, पण ती पुरुषांना सांगता येईना, म्हणून फक्त बायकांत जाहीर होती. मी नवी होते तेव्हा मला ह्या सगळ्याचं हसू यायचं. नंतर राग यायला लागला. ह्यांना एकदा मी म्हटलं, "तुमच्या दुखण्याचं नाव घ्यायला तुम्हाला बाई लागते का?" तर म्हणाले, "घराण्याचा प्रश्न हाय. तुला न्हाई कळायचं."

पलीकडच्या घरातही एक आजारी बाई होती. आबांची विधवा भावजय. सगळे त्यांना काकी म्हणत. त्याही माझ्या लग्नाच्या आधीपासून अंथरुणाला खिळलेल्या. आत्यासाहेब त्यांच्याबद्दल फार कडक बोलत. "तिला काय आजारी पडता येतंय? कण्हण्यात दमच न्हाई तिच्या. कुठं सुरू करती, कुठं थांबती, काय पत्ता न्हाई." मला वाटे, खऱ्या आजारी बाईबद्दल इतकं निष्ठूर कुणी बोलावं का? पण दुपारी गल्ली सामसूम झाली की आत्यासाहेब उगीचच, समाचाराला कुणी नसताना, एक लांब कण्हणं सोडत. थोड्या वेळानं पलीकडच्या खिडकीतून बारीकसं कण्हणं परत येई. मग आत्यासाहेब खूश होऊन कुशीवर वळत. गवई शिष्याकडून सूर आळवून घेतो तसा हा प्रकार बराच वेळ चाले, आणि मी त्याला नुसतं खूळ समजत असे.

आत्यासाहेबांजवळ स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे एक वहाणांची जोडी. कातडी, जाड तळव्याची, गावच्या चांभाराकडून कधीकाळी गुपचूप करवून घेतलेली. गोषातल्या विधवेला वहाणा कशाला? तरी खाटेखाली फडक्यात बांधून ठेवल्या होत्या आणि दर शनिवारी त्यांना तेल लावत. परळीला शिवरात्रीच्या जत्रेला चालत जायचं, एवढा एकच त्यांचा हट्ट. गाडी नको, मेणा नको, पायी. पण हट्ट बोलून दाखवला की घर हादरे. मामंजी म्हणत, "अक्का, तू परळीपतूर चाललीस तर लोक इचारतील, मग आजारी कोण हाय?" तेव्हा वहाणा परत फडक्यात.

"परळीत काय मागायचंय?" मी एकदा विचारलं.

"मागायचं न्हाई, सांगायचं हाय. वैजनाथ म्हंजी वैद्याचा देव. त्याच्याकडं माज्या नावावर किती रोग साठले असतील, बग. त्याला समोर हुबं राहून सांगायचं, ह्यातला एकबी माजा न्हाई. वर आल्यावर त्येचा जाब मला मागू नगं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

एका हिवाळ्यात तालुकदारसाहेबांचा दौरा ठरला. साहेब नवे होते. कोणत्या घराचा मान कोणता, हे ते स्वतः बघून कायम करणार अशी हवा होती. आणि नेमकी मामंजींच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मध्ये, काळपुळी उठली. साखरेच्या माणसाची काळपुळी म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच ठाऊक. पाठीला सदरा सहन होईना. गावात जाहीर झालं की आत्यासाहेबांना काळपुळी झाली, ह्या वेळी काही खरं नाही. पलीकडचे आबा दिवसातून दोनदा यायला लागले.

त्याच दिवसांत माझ्या लक्षात एक गोष्ट आली. गोधडीखालच्या शेंगदाण्याची वाटी तशीच भरलेली राहत होती. पहाटे जातं वाजत नव्हतं. आत्यासाहेबांचे ते जाड पाय बारीक झाले होते आणि ओटीपोटावर हात दाबून त्या भिंतीकडे तोंड करून पडत. मुख्य म्हणजे त्या कण्हत नव्हत्या. समाचाराला कुणी आलं की कण्हत, रीतसर, पूर्वीसारखं. माणूस उठून गेला की चूप. इतकी वर्षं मी त्या घरात होते, पण ती खोली इतकी गप्प मी कधी ऐकली नव्हती.

एके दिवशी त्यांचं लुगडं धुवायला घेतलं तेव्हा मला रक्ताचे डाग दिसले. मी जाऊन समोर बसले.

"आत्यासाहेब, हे कधीपासून?"

"हळू बोल."

"उद्या हकीमसाहेब येणार आहेत. तुमचा हात दाखवा. एकदा तरी तुमचा."

"येडी का खुळी तू? हकीम येणार ते काळपुळी बगायला. त्यात आणि पोटाचं कुठं घालू? एका खाटेवर दोन आजार मावत न्हाईत, पोरी. साहेब येऊन जाऊ दे. मग बगू माजं."

मी सासूबाईंना सांगितलं. त्या ओट्यावर बसून गुडघा चोळत राहिल्या आणि म्हणाल्या, "दौरा झाल्यावर." ह्यांना सांगितलं, तर "दौरा झाल्यावर." घर नव्हे, तहसील होती ती. पुढची तारीख मिळत होती.

दुसऱ्या दिवशी हकीमसाहेब आले. चिकाखालून आलेलं मनगट धरून त्यांनी सांगितलं की पुळी पिकली आहे, आजच चिरा द्यावा लागेल, नाहीतर जीव जाईल. बैठकीत आबा आणि त्यांची माणसं बसलेली. मग आमच्या घराण्यानं जे केलं ते दुसऱ्या कुठल्या घराण्याला सुचलं नसतं. मामंजींना आत्यासाहेबांच्या खाटेवर पालथं निजवलं. डोक्यापासून पायापर्यंत आत्यासाहेबांचं पांढरं लुगडं पांघरलं, पाठीपुरतं उघडं ठेवलं. मिशा उशीत खुपसल्या. तोंडात फडक्याचा बोळा दिला. खाट चिकाला भिडवली आणि चिक हातभर वर गुंडाळला, तेवढ्यातून हकीमसाहेबांचे हात आत येतील इतका. आणि आत्यासाहेब खाटेच्या अंगाशी जमिनीवर बसल्या, कारण चिरा दिल्यावर ओरडायला कुणीतरी लागणार होतं. दगडाचा आवाज बाहेर जाऊन चालणार नव्हता.

सुरी टेकली आणि मामंजींचं अंग ताडकन उडालं. त्याच क्षणी आत्यासाहेब ओरडल्या. मी त्यांची सगळी कण्हणी ओळखत होते, कुणब्याचं, भाऊबंदाचं, अंमलदाराचं. हे त्यातलं कुठलंच नव्हतं. त्यांनी दोन्ही मुठी ओटीपोटात रुतवल्या होत्या, मान मागे टाकली होती, आणि गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. हकीमसाहेब पू काढत होते तोवर त्या ओरडत राहिल्या आणि ते संपल्यावरही थांबल्या नाहीत. खाटेवर भाऊ बोळा चावत होता आणि खाली बहीण त्याच्या नावानं स्वतःचं ओरडून घेत होती. चिकाबाहेरून आबांचा आवाज आला, "काय सोसती वो माऊली!"

मला राहवलं नाही. हकीमसाहेबांनी मनगट मागितलं, नाडी शेवटची बघायला. मामंजींचा हात पुढे व्हायच्या आत मी आत्यासाहेबांचा हात ओढून चिकाखाली सारला. त्या "नगं, नगं" म्हणत होत्या. मी सोडला नाही.

हकीमसाहेबांनी तो हात खूप वेळ धरून ठेवला. मग त्यांनी तो उलटा केला, नखं पाहिली, आणि बैठकीत कुणाला ऐकू जाणार नाही असं चिकाजवळ वाकून मला म्हणाले, "बेटी, ये हात पैले कायकू नै दिखाए?"

उत्तर म्हणून एक देशमुखी होती, ती त्यांना दिसतच होती.

संध्याकाळी मी आत्यासाहेबांचे केस विंचरत होते. चेहरा पार उतरलेला, पण डोळे हसरे. म्हणाल्या, "आज लई बरं वाटलं बग. एकडाव मनासारखं वरडून घेतलं."

तालुकदारसाहेब आले. मामंजी पाठीला पट्ट्या आवळून, वर जरीची अचकन घालून ताठ उभे राहिले आणि नजराणा त्यांनीच दिला. जेवणात जिलबीही खाल्ली. मान कायम झाला. ढोल वाजत होते तेव्हा माजघरात आत्यासाहेबांना पाणीही पचत नव्हतं. "माजं बगू" म्हणाल्या होत्या, ते बघायला पुढे काही उरलंच नाही.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला जवळ बोलावलं. "वहाणांना तेल लाव," म्हणाल्या. मी लावलं. मग म्हणाल्या, "पलीकडच्या काकीला म्हणावं, उठ आता." मला वाटलं, वातात बोलतात. अंथरुणाला खिळलेली बाई उठेल कशी?

त्या गेल्या. गावानं तोंडभरून म्हटलं, सुटली बिचारी, जन्मभर आजारी होती. कशानं गेली, हे कुणी विचारलं नाही. इतके रोग होते, त्यातला एखादा असेल.

तेरावा झाला, पाहुणे पांगले. मामंजींना खोकला लागला होता, खोल आणि ओला. बैठकीत आबा येऊन बसले होते. खोकल्याची उबळ आली की मामंजी उठून मागच्या दारी पळत. सासूबाईंनी माजघरातली खाट झाडली, नवी गोधडी अंथरली, उशी ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. भाऊजी, आमचे हे, सगळे माझ्याकडेच बघत होते. थोरल्या जाऊबाईंना पोरं होती. मला नव्हती. सुंठीचा लेपसुद्धा वाटून तयार होता.

"पड थोडा येळ," सासूबाई म्हणाल्या. "निस्तं खोकायचं हाय."

मी खाटेजवळ गेले, आणि तशीच पुढे चिकापर्यंत गेले. गोषातल्या सुनेचा आवाज बैठकीत कधी गेला नव्हता.

"आबासाहेब," मी म्हटलं, "खोकला मामंजींचा आहे. साखरेचं दुखणंही त्यांचंच. पाठीला पुळी झाली होती तीही त्यांनाच. आत्यासाहेबांना ह्यातलं काही नव्हतं. त्यांना दुसरं होतं, त्यानं त्या गेल्या. आता ह्या खाटेवर कुणी निजणार नाही. काय अर्ज करायचा तो करा."

मागे सासूबाई मटकन खाली बसल्या. बैठकीच्या मागच्या दारात मामंजी उभे होते, तोंड उघडं. आता आभाळ कोसळेल म्हणून मी डोळे मिटून घेतले.

आबा खाकरले. "साखर? मलाबी हाय की. लई सालं झाली." आणि मग मामंजींकडे वळून, "कावून लपवलंत वो देशमुख? कुणाचं औषध चालू हाय? हकीमसाबाचंच ना?"

मामंजी चौरंगावर बसले. "त्येंचंच."

"काळी पुडी का पिवळी?"

"काळी."

"मग तुमची साधी हाय. मला पिवळी देतेत. माज्या मोरीत मुंग्या बगा एकडाव येऊन."

"आमच्या मोरीत काय कमी न्हाईत!" मामंजी उसळले. आणि देवाशपथ सांगते, बीड जिल्ह्यातली दोन मातब्बर घराणी त्या दुपारी, कुणाच्या मोरीत मुंग्या जास्त ह्यावर मान ठरवत बसली. कुणी अर्ज केला नाही. कुणाचं काही गेलं नाही. आत्यासाहेबांनी जन्मभर छातीशी धरून ठेवलेलं गुपित दोन म्हाताऱ्यांनी पानाच्या एका विड्यात चघळून टाकलं. मला हसू आलं आणि मग इतकं रडू आलं की मी पदर तोंडात कोंबला.

रडता रडताच एकदम डोक्यात उजेड पडला. आबांनाही लई सालं साखर होती, आणि गावाला ठाऊक नव्हती. मग पलीकडे इतकी वर्षं कारलं कोण खात होतं?

खाटेखालचं फडकं घेऊन मी गल्ली ओलांडली. डोक्यावरून पदर होता, बाकी कसलीही आडकाठी मी मानली नाही. काकी खाटेवर पडल्या होत्या, कपाळाला फडकं, डोळे अर्धे मिटलेले. मला बघून त्यांनी कण्हायला सुरुवात केली. आत्यासाहेब म्हणत ते खरं होतं, दम नव्हता.

"काकी," मी म्हटलं, "आत्यासाहेबांनी निरोप ठेवलाय. उठ आता, म्हणाल्या."

कण्हणं थांबलं. काकींनी डोळे पूर्ण उघडले.

"असं म्हणली ती?"

"हो. तुमचं त्यांना ठाऊक होतं?"

"तिचं मला ठावं, माजं तिला ठावं. दुसरं हुतं कोण आमाला बोलायला?" त्या उठून बसल्या. पाठीत जराही बाक नव्हता. "पर उठून जाऊ कुठं बाई? पायात घालायला वहाणसुदिक न्हाई मला."

मी फडकं सोडलं.

शिवरात्रीला काकी परळीला चालत गेल्या. आबांनी गाडी जोडायला सांगितली, ती त्यांनी परत पाठवली. बरोबर मी गेले. ह्यांनी नको म्हटलं, मी ऐकलं नाही. गर्दीत काकी पिंडीसमोर उभ्या राहून कितीतरी वेळ ओठ हलवत होत्या. पुजारी पुढे व्हा म्हणाला तर त्याच्यावर डोळे वटारले. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "माजं सांगितलं. तुज्या आत्याचंबी सांगितलं. एकबी तिचा न्हवता म्हणलं."

"आणि शेवटचा?"

"त्यो तिचा हुता म्हणलं. तेवढा मांडून ठेव."

त्या पायरीवर बसल्या आणि वहाणा काढल्या. आत्यासाहेबांचं पाऊल मोठं. वहाणा काकींना सैल होत होत्या आणि वाटभर घासून दोन्ही टाचांना टपोरे फोड आले होते. मी चिंधी शोधायला लागले, तर काकींनी माझा हात बाजूला केला. जत्रेतल्या अनोळखी बायकांनाही दिसावा असा पाय त्यांनी उन्हात लांब केला आणि कौतुकानं टाचेकडे बघत म्हणाल्या, "ह्ये मातर माजं सोताचं हाय, बरं का."